स्मार्टफोनची पारख : बॅटरी आणि पडदा

उत्तर प्रदेशातील गाझियाबाद हे शहर दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून वसलेले आहे. तेथून रोज सकाळी असंख्य माणसे कामधंद्यासाठी दिल्लीची वाट धरतात. दिल्ली मेट्रोचे दोन मार्ग या शहरापर्यंत येऊन पोचले आहेत. निळ्या मार्गाचा फाटा २०११ साली वैशालीपर्यंत आला, तर लाल मार्ग मार्च २०१९ मध्ये शहीद स्थळ स्थानकापर्यंत वाढविण्यात आला. निळ्या मार्गाची गाडी यमुना ओलांडून मंडी हाऊस ते राजीव चौक या पट्ट्यात जमिनीखालून जाते. लाल मार्ग मात्र बहुतांशी उंच खांबांवरून, उघड्या आकाशाखालून धावतो.

असे समजा, की एकाच कार्यालयात काम करणाऱ्या दोघांनी एकाच दिवशी एकाच बनावटीचा स्मार्टफोन विकत घेतला. त्यांतील एक वैशालीहून येतो, दुसरा शहीद स्थळाहून. मे महिन्यातील एखाद्या दिवशी दोघेही सकाळी पूर्ण भरलेला फोन घेऊन निघतात. संध्याकाळी परतताना पहिल्याच्या फोनमध्ये निम्म्याच्या आसपास शिल्लक असते. दुसऱ्याचा फोन मात्र स्थानकाच्या पायऱ्या उतरता उतरता बंद पडतो. आता रिक्षाचे भाडे कसे द्यावे आणि उशीर होणार असल्याचे घरी कसे कळवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आपल्याला सदोष वस्तू मिळाली, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक दोन्ही फोन अगदी निर्दोष असू शकतात. फरक असतो तो त्यांच्या दिवसांत.

फोनच्या खोक्यावर छापलेले आकडे आणि आपल्या हातातील प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर का पडते, हे या उदाहरणावरून समजून घेता येईल.

साठा आणि खर्च

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तास या मापाने सांगितली जाते. आजच्या बऱ्याच फोनांवर ५,००० हा आकडा आढळतो. बॅटरीतून किती विद्युतप्रवाह किती काळ काढता येईल, याचे ते माप आहे. लिथियम-आयन घटाचा सरासरी विद्युतदाब सुमारे ३.८५ व्होल्ट धरला, तर अशा बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा साठते. एवढ्या ऊर्जेवर घरातील ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास जळेल. दिवसभर आपल्याला साथ देणाऱ्या या वस्तूची शिदोरी किती लहान आहे, हे यावरून ध्यानात येते.

परंतु साठा किती, एवढे कळल्याने तो किती काळ पुरेल हे कळत नाही. गच्चीवरील पाण्याची टाकी किती लिटरची आहे यावरून पाणी किती दिवस पुरेल हे सांगता येत नाही, कारण ते घरातील नळ किती उघडे राहतात यावर अवलंबून असते. फोनचा सरासरी खर्च १ वॅट असेल, तर वरील साठा १९ तास पुरेल. तोच खर्च २ वॅट झाला, की साडेनऊ तासांतच टाकी रिकामी होईल.

फोनमध्ये असे अनेक नळ असतात. मनोऱ्याचा संकेत क्षीण असला, तर त्याच्याशी संपर्क टिकविण्यासाठी फोनला अधिक शक्तीने संदेश पाठवावे लागतात. धावत्या गाडीत तर हे मनोरे सारखे बदलत राहतात. नकाशा पाहताना स्थाननिश्चितीची यंत्रणा अखंड चालू राहते. पण सामान्य वापरातील सर्वांत मोठ्या नळांपैकी एक म्हणजे फोनचा पडदा. म्हणून बॅटरीची पारख आणि पडद्याची पारख हे दोन वेगळे विषय नाहीत. एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही.

उन्हातील पडदा

पडद्याची उजळता 'निट' या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागामागे एक कँडेला, म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीची तीव्रता, असा त्याचा अर्थ. रात्री खोलीत वाचायला काही दहा निटसुद्धा पुरतात. उन्हात काय होते, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू.

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. घरातील खोलीत तो बहुधा १०० ते ५०० लक्सच असतो. अशा उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या भिंतीची उजळता सुमारे २५,००० निट भरते. साधी काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. म्हणजे त्या भिंतीचे प्रतिबिंब फोनच्या काचेत दिसले, तर ते प्रतिबिंबच १,००० निटांचे असते. ५०० निटांच्या पडद्यावरील अक्षरे त्यात हरवून जातात. अशा वेळी फोनमधील प्रकाशसंवेदक पडद्याची उजळता आपोआप वाढवतो आणि बॅटरीचा नळ मोठा उघडतो. उंच मार्गावरील गाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचा फोन भुयारातून जाणाऱ्या प्रवाशाच्या फोनपेक्षा लवकर का रिता होतो, याचे एक प्रमुख कारण हे आहे.

यावर एक बिनखर्ची उपायही याच गणितातून निघतो. काचेत उजळ भिंत किंवा आकाश दिसण्याऐवजी काहीतरी गडद दिसेल असा फोन कलता करावा, अथवा तळहाताने आडोसा करावा. प्रतिबिंब मंदावले, की कमी उजळतेवरही अक्षरे लागतात.

जाहिरातींत २,००० वा त्याहूनही अधिक निटांचे आकडे दिसतात. ते बहुधा उजळतेचा उच्चांक सांगतात. पडद्याच्या लहानशा भागावर, थोड्या काळासाठी तेवढी उजळता मिळू शकते. संपूर्ण पांढरे पान दीर्घकाळ त्या तेजाने उजळत राहील, असे त्यातून अभिप्रेत नसते. शिवाय फोन तापला, की आतील भागांच्या रक्षणासाठी अनेक फोन पडद्याचे तेज स्वतःहून कमी करतात. म्हणजे ज्या दुपारी त्या तेजाची सर्वाधिक गरज, त्याच दुपारी ते हातचे जाण्याचा संभव असतो.

दोन प्रकारचे पडदे

आजच्या फोनांत मुख्यतः दोन प्रकारचे पडदे असतात. एलसीडी पडद्याच्या मागे एक दिवा सतत जळत असतो आणि द्रवस्फटिकांचा थर त्या प्रकाशाला वाट देतो किंवा अडवतो. काळे चित्र असले तरी मागील दिवा चालूच राहतो. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत असा काळा रंग किंचित राखाडी दिसतो. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. काळ्या जागी तो विझलेला असतो. म्हणून या पडद्यावर काय दाखविले आहे यावर विजेचा खर्च ठरतो.

यावरूनच गडद पार्श्वभूमी ठेवल्यास बॅटरी पुष्कळ वाचते, असा समज रूढ झाला. तो अंशतःच खरा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ओएलईडी पडद्यांच्या फोनांवर याची मोजणी केली. उजळता ३० ते ५० टक्क्यांवर असताना गडद पार्श्वभूमीमुळे सरासरी ३ ते ९ टक्केच ऊर्जा वाचली. उजळता पूर्ण असताना मात्र ही बचत ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. तेव्हा उन्हातून प्रवास करणाऱ्याला हा उपाय खरोखर उपयोगी पडेल. घरात बसून वाचणाऱ्याला त्याचा फारसा फरक जाणवणार नाही.

पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र काढतो, हाही आकडा ठळकपणे मिरविला जातो. ६० ऐवजी १२० वेळा चित्र बदलल्यास सरकते पान अधिक सफाईदार दिसते, परंतु त्यासाठी सामान्यतः जास्त ऊर्जा लागते. हा फरक ज्याच्या डोळ्यांना जाणवत नाही, त्याने फोनच्या मांडणीत जाऊन तो कमी करावा.

उष्णता : अदृश्य शत्रू

लिथियम-आयन बॅटरीचा शोध हे अनेकांच्या परिश्रमांचे फळ आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना त्याबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सोनी या जपानी कंपनीने १९९१ साली ही बॅटरी बाजारात आणली. तिच्यात लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. या येरझारांबरोबरच काही नको असलेल्या रासायनिक क्रियाही घडत राहतात, आणि त्यांमुळे साठविण्याची क्षमता हळूहळू घटते. उष्णता वाढली, की या क्रियांचा वेग वाढतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती तापली, तर हानी अधिक होते.

अॅपल कंपनी आपल्या आयफोनांच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते. गाझियाबादच्या मे-जून महिन्यांत पारा ४० च्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून उन्हात उभ्या मोटारीत किंवा दुचाकीच्या दांड्यावर फोन तापत ठेवणे, चार्जिंग चालू असताना तो उशीखाली दडपणे, या सवयी बॅटरीचे आयुष्य कमी करतात. हिवाळ्यातील प्रकार याच्या उलट असतो. जानेवारीच्या थंड सकाळी बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. जुनी बॅटरी मग १५ टक्के शिल्लक दाखवीत असतानाच एकाएकी बंद पडते. शिलकीचा आकडा हा प्रत्यक्ष मोजलेला साठा नसून फोनने बांधलेला अंदाज असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

आपली मोजणी आपणच करावी

गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथे भारतीय मानक ब्यूरोची केंद्रीय प्रयोगशाळा आहे. ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत मोबाईल फोन व त्यांच्या बॅटऱ्यांचा समावेश होतो. मात्र ही मानके सुरक्षिततेसंबंधी आहेत. बॅटरी भडकू नये, एवढ्यापुरती त्यांची हमी असते. ती किती तास पुरेल, याच्याशी त्यांचा संबंध नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जा-पट्टी लावणे सक्तीचे केले. एकदा भरलेली बॅटरी किती तास चालते, हे त्या पट्टीवर लिहावे लागते. तसेच ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा तेथील नियम आहे. पण अशी पट्टीसुद्धा ठरावीक चाचणीचेच उत्तर देते. आपल्या दिवसाचे उत्तर आपणच काढावे लागते.

त्यासाठी एक वही आणि एक आठवडा पुरेसा आहे. नवा फोन असेल, तर पहिले दोन-तीन दिवस सोडून द्यावेत, कारण त्या काळात तो जुनी छायाचित्रे व माहिती उतरवून घेण्यात गुंतलेला असतो. पुढे रोज ठरावीक वेळी शिलकीचा आकडा आणि पडदा किती वेळ चालू होता ते टिपून ठेवावे. १२ तासांत ६० टक्के खर्च झाले, तर ताशी ५ टक्के, असा हिशेब मांडावा. सुटीचा दिवस आणि प्रवासाचा दिवस यांची सरमिसळ करू नये. एका रात्री फोन नेहमीप्रमाणे चालू ठेवावा व दुसऱ्या रात्री विमान-स्थितीत. सकाळच्या आकड्यांतील फरक हा संपर्क टिकविण्याचा व पडद्याआड चाललेल्या कामांचा खर्च होय.

पडद्याची परीक्षा दुकानातील दिव्यांखाली घेऊ नये. फोन दारापर्यंत नेऊन उन्हात एखादा संदेश वाचून पाहावा. संपूर्ण पांढरे चित्र लावून रंग सर्वत्र सारखा आहे की नाही ते पाहावे. कमी उजळतेवर काही मिनिटे वाचावे. काही पडदे तेज कमी करण्यासाठी अतिशय वेगाने उघडमीट करतात आणि त्यामुळे काहींच्या डोळ्यांना शीण होतो.

असा आठवडाभराचा हिशेब समोर असला, की निर्णय सोपा होतो. आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या प्रवाशाला कदाचित नव्या फोनची गरजच नसेल. पडद्याचे तेज आवरणे, गडद पार्श्वभूमी ठेवणे आणि कार्यालयात दुपारी अर्धा तास चार्जिंग करणे एवढ्याने त्याचे काम भागेल. फोन तीन-चार वर्षांचा असेल, तर केवळ बॅटरी बदलून घेणेही पुरेल. आणि नवा घ्यावाच लागला, तर तो किती मिलिअँपिअर-तासांचा, हा त्याचा पहिला प्रश्न असणार नाही. माझ्या वाटेवर, माझ्या उन्हात, घरी पोचेपर्यंत तो साथ देईल काय, असे तो विचारील. त्याचे उत्तर खोक्यावर छापलेले नसते. ते त्याच्या वहीत असते.