संशोधकांचीही उन्हाळी शाळा भरते!

२०११ मध्ये जर्मनीतल्या डागश्टूलच्या कार्यशाळेतून 'फोर्स११' हा संशोधन-प्रकाशनाच्या पद्धती सुधारू पाहणारा गट उभा राहिला. २०१७ पासून त्यांची उन्हाळी शाळा भरू लागली: आधी सॅन दिएगोत, मग लॉस एंजेलिसला, २०२० मध्ये कोविडमुळे ऑनलाइन. प्राध्यापक, ग्रंथपाल, संपादक सगळे एकाच बाकावर! विषय: प्रीप्रिंट (समीक्षेआधीच ऑनलाइन टाकलेले शोधनिबंध), वापराचे परवाने, खुला डेटा.

खुला डेटा म्हणजे एक्सेल फाइल टाकून मोकळं होणं नव्हे, बरं का. रकान्यात नुसतं 'तापमान'. सेल्सिअस की फॅरनहाइट, पत्ताच नाही! अशी फाइल असून नसल्यासारखीच.

पीएचडीवाल्यांनो, डेटासारखंच नावाचंही: 'एस. पाटील' ढिगाने आहेत, शोधनिबंध नेमका कोणाचा ते कसं कळणार? म्हणून ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढाच. फुकट मिळतो. सोळा अंकी असतो. शेवटी 'एक्स' दिसला तर दचकू नका, तो पडताळणीसाठी असतो.