हेलिकॉप्टर कोणी पाठवायचं?

आपत्ती आणि आपण : लेखांक ६

समुद्रावरच्या बचावाची व्यवस्था आपण गेल्या आठवड्यात पाहिली. तिथली जबाबदारी तटरक्षक दलाची. विमान बेपत्ता झालं, तर शोधाचा समन्वय विमानतळ प्राधिकरणाची केंद्रं करतात. पण समुद्रापासून दूर, धार-देवासच्या नर्मदाकाठी पुरात अडकलेल्या माणसाला छपरावरून उचलायचं कोणी?

धार जिल्ह्यात कारम नदीवर ३०४ कोटींच्या धरणाचं काम सुरू होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. धारमधली १२ आणि खरगोनमधली ६ गावं रिकामी केली गेली. लष्कर आलं, एनडीआरएफ आलं, हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं सज्ज ठेवली गेली. भिंतीच्या कडेने चर खोदून १४ ऑगस्टला पाणी बाहेर काढलं आणि एकही जीव गेला नाही. प्रशासनाने धडाडी दाखवली हे खरं. पण त्याच्या हाताशी तीन दिवस होते, हेही तितकंच खरं.

त्याआधी महिनाभर, १८ जुलैला, त्याच जिल्ह्यात खलघाटच्या संजय सेतूवरून इंदूर-अमळनेर एसटी नर्मदेत कोसळली. किमान १२ जण गेले. तिथे वेळ मिनिटांत मोजायची होती. अशा वेळी काठावरचे मच्छीमार आणि पाणबुडे हाच आधार. हेलिकॉप्टर उपयोगी पडतं ते या दोन टोकांच्या मधल्या तासांत. पाणी वाढतंय, होडी प्रवाहात टिकत नाही, माणसं झाडावर किंवा बेटावर अडकली आहेत, अशा वेळी.

हे मधले तासच आपण गमावतो. जिल्हाधिकारी राज्याकडे मागणी करतो, राज्य संरक्षण खात्याकडे, मग हवाई दलाला आदेश मिळतो. त्यात नागपूर किंवा ग्वाल्हेरहून धार सरळ रेषेत चारशे-पाचशे किलोमीटर. एमआय-१७ ला तेवढ्यासाठी दोन तास लागतात, तेही हवा चांगली असेल तर.

मग हे काम खासगी कंपनीला द्यावं का? ब्रिटनने तसं केलं. तिथे हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं हे काम करत. २०१३ मध्ये ब्रिस्टो कंपनीशी दहा वर्षांचा, सुमारे १.६ अब्ज पौंडांचा करार झाला. त्यातली एक अट आपण घेण्यासारखी आहे: दिवसा १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत हेलिकॉप्टर निघालंच पाहिजे. तिथे वर्षभर बोलावणी असतात, म्हणून हा खर्च परवडतो. नर्मदाकाठी गरज प्रामुख्याने पावसाळ्यातली. शिवाय दोरावरून माणूस उचलणं हे सततच्या सरावाचं काम आहे. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडच्या त्रिकुट रोपवेवर अडकलेल्या ३५ जणांना हवाई दलाने सोडवलं. तरीही त्या मोहिमेत दोघे खाली पडून दगावले. अनुभवी हातांनाही अवघड जाणारं हे काम नवख्यांवर सोपवू नये. मध्य प्रदेशात २०२४ पासून सरकारी एअर अॅम्ब्युलन्स आहे, ती रुग्णाला इस्पितळात पोचवण्यासाठी. पुरातून माणूस उचलणं हे वेगळं काम.

पैशाचाही प्रश्न आहे. २००६ पासूनच्या हवाई मदतीपोटी केंद्राने २०२४ मध्ये केरळकडे १३२ कोटी ६२ लाख रुपये मागितले. त्यात वायनाडच्या दरडींनंतरची उड्डाणंही होती. बिलाची धास्ती असलेलं राज्य मागणी करताना कचरेल, आणि त्या विलंबाची किंमत अडकलेला माणूस मोजेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उड्डाण हवाई दलानेच करावं. पण जून ते सप्टेंबर इंदूरला एक बचाव हेलिकॉप्टर दोर, पाळणा आणि सरावलेल्या चमूसह तैनात असावं. धार, देवास, खरगोन, बडवानीच्या जिल्हाधिकाऱ्यांना ते थेट मागवता यावं. किती मिनिटांत निघायचं हे लेखी ठरावं आणि जीव वाचवणाऱ्या उड्डाणाचा खर्च केंद्राने उचलावा. हेलिकॉप्टर कोणाचं, याआधी ते वेळेत न आल्यास जाब कोणाला विचारायचा, हे ठरवायला हवं. आज त्याला उत्तर नाही. नर्मदाकाठच्या लोकांनी ते आपल्या आमदार-खासदारांकडे पुढच्या पावसाळ्याआधी मागितलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : धरणफुटीचा इशारा गावापर्यंत कसा पोचतो?