विश्लेषण : जुगाराच्या जाहिरातींवर निर्बंध, तरी ‘सर्च’मध्ये कॅसिनो कसे दिसतात?

ऑनलाइन जुगाराची जाहिरात दाखवण्यासाठी ‘गूगल’च्या अटी कडक आहेत. तरीही शोधखिडकीत दोन-चार शब्द टाकताच ‘सर्वोत्तम दहा कॅसिनो’च्या याद्या समोर येतात. या याद्या तयार करणाऱ्या ‘अ‍ॅफिलिएट’ उद्योगाचे अर्थकारण काय आणि धोरणाच्या चाळणीतून तो कसा निसटतो, याविषयी...

अ‍ॅफिलिएट म्हणजे कोण?

बाजार समितीत जसा अडत्या, तसा ऑनलाइन जुगारात अ‍ॅफिलिएट. तो स्वतः जुगार चालवत नाही, ग्राहक आणून देतो. त्याच्या संकेतस्थळावर कॅसिनोंची तुलना, ‘परीक्षणे’ आणि बोनस कोड असतात. प्रत्येक दुव्यात त्याची ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक दडलेला असतो. त्या दुव्यावरून खाते उघडले की कॅसिनोकडे नोंद होते.

मोबदल्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला, प्रत्येक नव्या ग्राहकामागे ठरावीक रक्कम. दुसरा, त्या ग्राहकाकडून कॅसिनोला होणाऱ्या निव्वळ कमाईत वाटा. कॅसिनोची कमाई म्हणजे ग्राहकाने हरलेला पैसा. म्हणजे दुसऱ्या प्रकारात ग्राहक जितका जास्त आणि जितका काळ हरेल, तितके अ‍ॅफिलिएटचे उत्पन्न वाढते. ‘निष्पक्ष परीक्षण’ अशी पाटी लावणाऱ्याचे हितसंबंध असे वाचकाच्या नुकसानीशी जोडलेले असतात.

गूगलचे जाहिरात धोरण काय आहे?

अमेरिकेत बेकायदा जुगाराच्या जाहिराती घेतल्याच्या आरोपावरून डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, याहू आणि गूगल यांनी सरकारशी तडजोड केली. आरोप मान्य वा अमान्य न करता तिन्ही कंपन्यांनी मिळून ३ कोटी १५ लाख डॉलर मोजले. गूगलने २००४ मध्येच अशा जाहिराती थांबवल्या होत्या. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांना पुन्हा मुभा मिळाली आणि पुढे इतर देशांतही दारे उघडली.

सध्या जाहिरातदाराला देशागणिक गूगलचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जिथे जुगाराला कायद्याची परवानगी आहे, तिथेच जाहिरात दिसू शकते. ती अल्पवयीनांना दाखवता येत नाही आणि संबंधित पानावर जबाबदारीने खेळण्याविषयीची माहिती द्यावी लागते. केवळ कॅसिनोच नव्हे, तर त्यांची तुलना करणारी आणि बोनस कोड देणारी संकेतस्थळेही या धोरणाच्या कक्षेत येतात.

मग पळवाट कुठे?

हे धोरण पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना लागू होते. त्याखाली येणाऱ्या सर्वसाधारण शोधनिकालांना प्रमाणपत्र लागत नाही. तिथे क्रम अल्गोरिदम ठरवतो. त्यामुळे अ‍ॅफिलिएट जाहिरातीवर खर्च करण्याऐवजी वरचा क्रम मिळवण्यावर खर्च करतात. वाचकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर, एकाखाली एक असतात.

ब्रिटनचा अनुभव काय सांगतो?

ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ ही यंत्रणा आहे. जुगाराच्या व्यसनातून सुटू पाहणारा माणूस त्यात नाव नोंदवून सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला बंदी घालून घेऊ शकतो. ३१ मार्च २०२० पासून सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्यात सहभाग बंधनकारक आहे. पण परदेशातून चालणारे, ब्रिटनचा परवाना नसलेले कॅसिनो या यंत्रणेबाहेर राहतात. अ‍ॅफिलिएटनी नेमके तेच हेरले आणि ‘गॅमस्टॉपवर नसलेले कॅसिनो’ या शब्दांवर पानेच्या पाने रचली. हे शब्द शोधणारा बहुधा स्वतःवर घातलेली बंदी मोडण्याच्या बेतात असलेला माणूसच असतो. म्हणजे सर्वांत दुबळ्या क्षणी त्याला गाठले जाते.

त्याआधी २०१७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने बातमीच्या रूपातील काही जाहिरातींवर बंदी घातली. कर्जात बुडालेला, पत्नीच्या आजारपणाने खचलेला माणूस जुगारात जिंकून सावरला, अशी ती ‘बातमी’ होती. ती अ‍ॅफिलिएटची करामत असली तरी जबाबदारी जुगार कंपन्यांवरच टाकण्यात आली. त्याच वर्षी ‘स्काय बेटिंग अँड गेमिंग’ने ब्रिटनमधील अ‍ॅफिलिएट योजना गुंडाळली.

‘बांडगूळ’ पानांवर कारवाई कशी?

नामांकित वृत्त-संकेतस्थळाचा एक कोपरा भाड्याने घ्यायचा आणि त्याच्या पुण्याईवर कॅसिनोची पाने वर आणायची, ही आणखी एक युक्ती. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा गैरवापराविरोधात नियम जाहीर केला आणि मे महिन्यापासून अंमलबजावणी सुरू केली. मुदत संपलेले जुने पत्ते विकत घेऊन वापरण्यालाही चाप लावला. एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या संकेतस्थळावर कॅसिनोचा मजकूर, असे उदाहरण गूगलनेच दिले आहे. मात्र या कारवाईमुळे प्रकाशकांचे वैध उत्पन्न बुडते, अशा तक्रारी आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याची चौकशी सुरू केली.

भारतात स्थिती काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने, सट्टेबाजी कंपन्या बातम्यांच्या संकेतस्थळांच्या आडून छुपी जाहिरात करत असल्याचा इशारा दिला होता. २०२४ मध्ये काही सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यांवरूनही वापरकर्ते सट्टेबाजीच्या पानांकडे वळवले जात असल्याचे उघड झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अप्रत्यक्ष प्रोत्साहनही गुन्हा असल्याने अ‍ॅफिलिएट पानांनाही ही तरतूद लागू होऊ शकते. अडचण अंमलबजावणीची आहे. पान लिहिणारा, सर्व्हर आणि कॅसिनो वेगवेगळ्या देशांत असतात. शिवाय एक पत्ता रोखला की तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर उभा राहतो.

वाचकांनी काय ओळखावे?

यादीतील प्रत्येक कॅसिनोला चारपेक्षा जास्त तारे, प्रत्येकाखाली ‘आता खेळा’चे बटण आणि तळाशी बारीक अक्षरात ‘आम्हाला मोबदला मिळू शकतो’ अशी ओळ दिसली, तर ते परीक्षण नसून जाहिरात आहे असे समजावे. शोधनिकालात वरचा क्रम असणे म्हणजे कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे.