घर किती खणांचे?

“गुरुजी, घर किती खणांचं?” खानापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर उभे राहून वृद्ध सुतारमामांनी हा प्रश्न केला, तेव्हा आम्ही काहीसे ओशाळलो. आमच्या हातात शहरातून काढून आणलेला नकाशा होता. त्यात तीन शयनगृहे होती, दिवाणखाना होता, मोटारीची जागाही होती; खण मात्र कोठेच नव्हता. चौरस फुटांची भाषा शिकता शिकता आपण खणांची भाषा विसरलो, हे त्या क्षणी ध्यानी आले.

खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. आपल्या पूर्वजांनी घराची मोजदाद त्यानेच केली. कोणाचे घर दोनखणी, कोणाचा वाडा पाचखणी. कुटुंब वाढले की शेजारी आणखी एक खण चढे. एक घटक निश्चित करून त्याच्या पटीत घर बांधावयाचे, या कल्पनेला आज ‘मॉड्युलर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, आणि डोंगरांत, रानांत अशा तयार खोल्या ट्रकमधून आणून उभ्या केल्या जात आहेत. नाव नवे असले तरी विचार फार जुना आहे.

जपानमधील कामो नो चोमेई हा कवी उतारवयात राजधानी सोडून डोंगरात राहावयास गेला. १२१२ साली लिहिलेल्या ‘होजोकी’ या छोट्या गद्यग्रंथात त्याने आपल्या कुटीचे वर्णन केले आहे. कुटी सुमारे दहा फूट चौरस, उंचीला सात फुटांहूनही कमी. तिचे सांधे कड्यांनी अडकवलेले होते. जागा मानवली नाही तर सारे घर उकलून दोन गाड्यांत घालता यावे, अशी ती योजना. आगीत, दुष्काळात आणि भूकंपात राजधानीतील मोठमोठी घरे नष्ट होताना त्याने पाहिली होती. त्यामुळे त्याच्या लहान घरामागे केवळ वैराग्य नव्हते, अनुभवही होता.

अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी खोली स्वहस्ते उभारली. एका रेल्वे-मजुराची झोपडी विकत घेऊन तिच्याच फळ्या त्याने वापरल्या. एकूण खर्च अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट. तेथे तो दोन वर्षे दोन महिने राहिला.

याहून नवलाची गोष्ट ल कार्बुझिए यांची. ज्या काळात हे वास्तुशिल्पी चंदीगडसारख्या संपूर्ण नगराचा आराखडा करीत होते, त्याच काळात, १९५१-५२ मध्ये, त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां येथे स्वतःसाठी लाकडी खोली बांधली. लांबी-रुंदी प्रत्येकी ३६६ सेंटिमीटर, म्हणजे अवघे बारा फूट. उंची २२६ सेंटिमीटर, म्हणजे हात उंचावलेल्या माणसाएवढी. कॉर्सिका बेटावर तिचे भाग तयार करून ते जागेवर जोडले गेले. आत बिछाना, मेज, कपाट, सारे मोजून बसवलेले. स्वयंपाकघर मात्र नव्हते. लगतच्या खानावळीत जाण्यास दार होते. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या निवडक वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा त्या यादीत चंदीगडच्या भव्य इमारतींबरोबर ही बारा फुटी खोलीही होती.

हे सर्व आम्ही पूर्वी वाचलेले होते. तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा नकाशा तीन शयनगृहांचाच निघाला. त्याचे कारण सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. चिरंजीव पुण्यास, कन्या बंगळुरास. ती येतील, नातवंडे येतील, म्हणून खोल्या. त्या खोल्यांसाठी एक फणस आणि दोन जांभळी तोडाव्या लागणार होत्या. सुतारमामांनी फणसाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि समोरच्या टेकाडाकडे नुसते पाहिले. तेथे आमच्या चुलत्यांचा सातखणी वाडा आहे. मुले परगावी गेली, कौले फुटली, पावसाने भिंती आणि वाळवीने तुळया नेल्या. आता तेथे केवळ दोन भिंती उभ्या आहेत.

आम्ही नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, “मामा, दोनच खण.”

मग जे ठरले ते येथे नमूद करतो. कोणास उपयोगी पडेल. प्रत्येक खण नऊ फूट बाय बारा फूट, दोन मिळून २१६ चौरस फूट. पुढे सहा फुटांची पडवी. आमच्या मते घरातील खरी बैठकीची जागा हीच. न्हाणीघर मागे, पण घराला लागून; उतारवयात रात्री पावसात बाहेर जाणे नको. खांब सहा, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा. जमीन भुईपासून दोन फूट उचललेली, म्हणजे पावसाचे पाणी खालून निघून जाईल आणि वाळवी चढू लागली तर वेळीच दिसेल. सांधे खुंट्या व बोल्ट यांचे, खिळ्यांचे नव्हेत. त्यामुळे लाकूड न फुटता घर उकलता येते. छप्पर उताराचे, मंगळुरी कौलांचे, वळचणी लांब. कूड बांबूचे. आपल्याकडचा माणगा बांबू भरीव व सरळ असतो. पावसाळा सरल्यावर तो तोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला की कीड सहसा लागत नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला, ही शेतकऱ्यास मोठीच सोय झाली.

पाण्याचा हिशेब आम्ही शाळेतील मुलांकडून गणित म्हणून सोडवून घेतला. घर आणि पडवी मिळून छपराखाली सुमारे ३० चौरस मीटर जागा. एक हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर ३० हजार लिटर पाणी पडते. आमच्या भागात पाऊस याहून पुष्कळ अधिक. म्हणजे उणीव पाण्याची नव्हे, साठवणीची आहे.

तथापि लहान घर बांधले म्हणजे निसर्गावर उपकार केले, अशा भ्रमात राहू नये. टेकडी सपाट करून, रस्ता कापून वीस लहान खोल्या उभारल्या, तर रान जावयाचे ते जातेच. घराने झाडांना वळसा घालावा. झाडांनी घरासाठी वाट सोडू नये.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी आला. चिरंजीवांनी दूरध्वनीवरून विचारले, “बाबा, मग आम्ही आलो तर राहायचं कुठं?” त्या स्वरात रुसवा होता आणि तो अन्याय्य नव्हता. घर लहान करताना आपण मुलांची वाट पाहणेच सोडले की काय, असे आम्हांसही क्षणभर वाटले. उत्तर सौभाग्यवतींनी दिले. “अरे, तुम्ही राहायला येणार असं कळव. मामा पंधरा दिवसांत तिसरा खण उभा करतील.”

त्याच आठवड्यात आम्ही पूर्वेच्या अंगास, सहा खांबांच्या ओळीत, आणखी दोन तळखडे बसवून घेतले. त्यांवर अद्याप खांब नाहीत. सकाळी त्यांतील एकावर सौभाग्यवती आमसुले वाळत घालतात आणि दुसऱ्यावर आम्ही वर्तमानपत्र घेऊन बसतो. फणस जागच्या जागी आहे.