अल्पाइन स्नोबोर्डिंग
अल्पाइन स्नोबोर्डिंग हा स्नोबोर्डिंग या हिवाळी खेळाचा एक प्रकार आहे. यात उड्या व कसरतींपेक्षा दाबून सपाट केलेल्या बर्फावर फळीच्या कडेवर झुकून घेतलेल्या वळणांना महत्त्व असते. फळी लांब, अरुंद व ताठ असून बूट कडक कवचाचे असतात. मऊ बूट चालण्यास सोयीचे, परंतु वेगात ते दबतात आणि शरीराचा झुकाव कडेपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून शर्यतींत कडक बूटच रूढ आहेत. फळीची कड जितकी अधिक वक्र, तितके वळण लहान. ही वळणे उताराच्या रुंदीभर पसरतात व मागून येणाऱ्याला त्यांचा अंदाज येत नाही, त्यामुळे सोबती पुरेसे अंतर राखून उतरतात. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचा समावेश झाला; २००२ पासून त्याची जागा दोन खेळाडू शेजारी-शेजारी उतरतात अशा समांतर शर्यतीने घेतली.