काढा घेताय? डॉक्टरांना आधी सांगा

जळगाव-धुळ्याकडे गुळवेलीसाठी लांब जावे लागत नाही. बांधावरच्या कडुनिंबावर ती सहज सापडते. करोनाकाळात ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून राज्यभर तिच्या काड्या घरोघरी उकळल्या गेल्या. त्याच काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान, मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. त्यांपैकी एक महिला दगावली. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली.

आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात चुकून वापरली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे. वाद तज्ज्ञांचा आहे. पण वेल ओळखण्यात चूक झाली काय किंवा वेलच बाधली काय, सोसावे लागते ते यकृतालाच.

असे का होते?

पोटात जाणारे प्रत्येक औषध, मग ते झाडपाल्याचे का असेना, यकृतातूनच पुढे जाते. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते, असे मानले जाते. काहींच्या शरीरात ही चेतवलेली शक्ती स्वतःच्याच यकृतपेशींवर उलटत असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ज्यांना आधीच स्वप्रतिकारक आजार किंवा यकृताचा छुपा विकार आहे, त्यांना धोका अधिक.

खरी अडचण पुढे येते. डोळे पिवळे दिसले की ‘कावीळ झाली’ म्हणून पुन्हा झाडपाल्याचेच औषध सुरू होते. डॉक्टरांनी ‘काही औषधे घेता का?’ विचारले, तर उत्तर ‘नाही’ असते. कारण काढ्याला कुणी औषध समजतच नाही. त्यात निदान लांबते आणि इजा वाढत जाते.

काय करावे?

• थकवा, मळमळ, भूक मंदावणे, अंगाला खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास काढा, चूर्ण, गोळ्या लगेच थांबवा.

• डॉक्टरांकडे जाऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्या. वेळीच थांबल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

• काय घेतले, किती आणि किती दिवस, हे सांगा. डबी किंवा वेलीचा तुकडा सोबत न्या.

• यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असल्यास स्वतःच्या मनाने काढा सुरू करू नका.