पत्ता घेऊन निघालेले किरण

कर्करोगावर किरणांचा उपाय करावयाचा म्हटलें कीं वैद्यापुढें एक जुना पेंच उभा राहतो. जे किरण रोगट पेशींस मारतात तेच निरोगी पेशींसही जाळतात. गांठ एकाच जागीं असली तर बाहेरून किरणांचा झोत तिच्यावर रोखतां येतो. पण रोगट पेशी रक्त व लसिका यांतून अंगभर विखुरल्या असल्या तर झोत रोखावा तरी कोठें? अशा वेळीं किरणोत्सर्गी द्रव्यच रोगट पेशीचा ठाव घेत जाईल, अशी योजना शास्त्रज्ञांनीं केली आहे.

ठाव घेण्याचें हें काम प्रतिपिंडाकडे असतें. गोवर एकदां येऊन गेला कीं सहसा पुनः येत नाहीं. कारण त्या रोगाच्या विषाणूस ओळखणारे प्रतिपिंड रक्तांत तयार होतात. कुलपास किल्ली बसावी तसा प्रत्येक प्रतिपिंड एका ठराविक खुणेसच चिकटतो. १९७५ सालीं केंब्रिज येथें मिल्स्टाइन व कोलर यांनीं एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत काढली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. कर्कपेशीच्या अंगावरील खुणेस चिकटणारा प्रतिपिंड घ्यावयाचा, त्यास किरणोत्सर्गी अणु जोडावयाचा आणि तें औषध शिरेंतून द्यावयाचें, हें या उपचाराचें सार होय.

लसिकापेशींच्या कांहीं कर्करोगांत सीडी-२० नांवाची खूण सांपडते. तिच्यावर बेतलेलें व यट्रियम-९० वाहून नेणारें औषध अमेरिकेंत २००२ सालीं मान्य झालें. यट्रियमचे कण शरीरांत फार तर ११ मिलिमीटर जातात. ल्युटेशियम-१७७ चे सुमारें २. त्यामुळें प्रतिपिंड न चिकटलेली शेजारची रोगट पेशीही मरते आणि दूरचीं इंद्रियें पुष्कळशीं वांचतात.

तथापि हा उपाय निर्दोष नाहीं. प्रतिपिंड आकारानें मोठा. तो कित्येक दिवस रक्तांत फिरत राहतो. त्या अवधींत हाडांतील मज्जेस किरण लागतात व रक्तपेशींची संख्या कांहीं आठवडे उतरते. घट्ट गांठीच्या गाभ्यांत तो सहज शिरत नाहीं. म्हणून यश मुख्यतः लसिकेच्या रोगांत आलें. आयोडीन-१३१ वाहणारें असेंच एक औषध २००३ सालीं मान्य झालें. पण वापर घटल्यामुळें २०१४ सालीं तें बाजारांतून काढून घेण्यांत आलें.

महाराष्ट्रांत या विद्येचा पाया जुना आहे. परळ येथें १९६३ सालीं अणुशक्ति खात्याचें विकिरण वैद्यक केंद्र निघालें. तेथें कंठग्रंथीच्या रोगांवर किरणोत्सर्गी आयोडीन देतात. ग्रंथी स्वतःच आयोडीन ओढून घेते, म्हणून त्यास निराळ्या पत्त्याची गरज नसते. तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी १९८५ सालीं सुरू झाली. तींत ल्युटेशियम-१७७ तयार होतें, आणि तें रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडास जोडण्याची कृतीही तेथील शास्त्रज्ञांनीं सिद्ध केली आहे.

मग सांगलीच्या रोग्यास हें औषध दूरचें काय? ल्युटेशियमची शक्ति ६.७ दिवसांत निम्मी होते. म्हणून तें महिनोन्‌महिने कपाटांत ठेवण्याजोगें नाहीं. पण मुंबईहून निघून एका रात्रींत सांगलीस आलें, तर बारा तासांत सुमारें ५ टक्केच शक्ति उणावेल. तेव्हां अंतर ही खरी अडचण नव्हे. शिशाचे आडोसे असलेली खोली, रोग्याच्या मलमूत्राची निराळी व्यवस्था, सरकारी परवाना आणि तयार माणसें, एवढें जेथें जमेल तेथें हें औषध पोंचूं शकेल. जेथें जमणार नाहीं तेथील रोग्यासच औषधाकडे जावें लागेल.